थंड गाडीची साक्ष

१

रक्ताची पेटी पोचली, तेव्हा जिच्यासाठी ती निघाली होती ती बाळंतीण गेलेली होती.

रक्तपेढीचा रायडर पेटी छातीशी धरून प्रसूतिगृहाच्या दारात टॅक्सीतून उतरला. पायरीवर बाळंतिणीचा नवरा उभा होता. त्याने पेटीला हात लावला नाही. एवढा वेळ कुठे होतास, असे त्याने अगदी हळू विचारले. रायडरने सांगितले की वाटेत हाडांच्या दवाखान्यात एक पिशवी द्यायला थांबलो, लगेच बाहेर आलो, तर मोटारसायकल चालूच होईना. किका मारून मारून पाय भरून आला. शेवटी ती तिथेच टाकून टॅक्सी पकडली.

यावर कुणी विश्वास ठेवलाही असता. पण संध्याकाळी रक्तपेढीने दुसऱ्या रायडरला ती गाडी आणायला पाठवले आणि ती पहिल्या किकेला चालू झाली.

मग तोंडे सुटली. हा पठ्ठ्या काही दिवसांपासून गाडीच्या तक्रारी करत होता, त्याला नवी गाडी हवी होती, म्हणून त्याने सोंग केले आणि सोंगापायी एक जीव गेला, असे ठरून गेले. नवरा पोलिसांकडे निघाला. रक्तपेढीच्या व्यवस्थापक बाईंनी त्याच्याकडून थोडी मुदत मागून घेतली, गाडी शेडमध्ये साखळीने बांधून कुलूप लावले आणि गाड्यांतले कळणारा एक बाहेरचा माणूस बोलावला.

हा बाहेरचा माणूस रायडरचा सासरा होता.

२

वाहन निरीक्षक म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती आणि निम्म्या शहराला पहिल्या खेपेला लायसन नाकारले होते. लोक त्यांना नापाससाहेब म्हणत. तोंडावर फक्त साहेब. जावयालाही त्यांनी नापास केले होते. तो फेरपरीक्षेला आला, त्यांच्या कचेरीच्या आवारात ताटकळत बसला, आणि विसरलेला चष्मा द्यायला आलेल्या त्यांच्या मुलीशी त्याने ओळख काढली. लायसन मिळाले, मागोमाग मुलगीही नेली. पहिल्याबद्दल साहेबांनी त्याला माफ केले असते.

सासऱ्याने जावयाची चौकशी करावी, हे कुणाला विचित्र वाटले नाही. व्यवस्थापक बाईंनी तर स्पष्टच सांगितले, "तुम्ही त्याला पाठीशी घालाल अशी भीती असती, तर तुम्हाला बोलावलंच नसतं."

शेडकडे जाण्याआधी ते मुलीच्या घरी गेले. जावई आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही. मुलीने बापाला बसा म्हटले नाही. सांगायचे होते ते तिने उभ्यानेच सांगितले: तो खोटे बोलला असेल, तर ती बॅग भरून त्यांच्याबरोबर येईल. ज्याने मरणाऱ्या बाईला ताटकळत ठेवले, त्याच्या घरात तिला राहायचे नव्हते.

साहेबांना हेच हवे होते. लग्नाच्या दिवसापासून हवे होते.

"आणि खरं बोलला असेल तर?" त्यांनी विचारले, केवळ नोंद पुरी व्हावी म्हणून.

"तर 'मी चुकलो' हे तुम्ही त्याच्यासमोर म्हणायचं, बाबा. इथे, या दारात. जमेल?"

आतल्या खोलीत कुणीतरी हसले. ते हसणे साहेबांच्या डोक्यात शेडपर्यंत वाजत राहिले.

३

शेडमध्ये तीन मोटारसायकली होत्या, तिन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या. किल्ल्या भिंतीवरच्या खिळ्यांना लटकलेल्या. आल्यागेल्याचा हात कुठेही पोचावा अशी जागा.

मिस्त्री दारातच भेटला. तो रक्तपेढीच्या गाड्या बघायचा आणि साहेबांना गुरू मानायचा. सकाळी इंजिन थंड असताना गाडी तपासायची, हा धडा त्याने साहेबांच्याच हाताखाली गिरवला होता. विकणारे लबाड लोक गाडी आधी तापवून आणतात, तापलेली गाडी आपले आजार झाकते, म्हणून साहेब म्हणत, थंड गाडी खरे बोलते. हे वाक्य शहरातल्या प्रत्येक गॅरेजात पाठ होते.

"तुम्ही म्हणाला होतात तेच खरं निघालं, साहेब," मिस्त्री म्हणाला. आपण नेमके काय म्हणालो होतो ते साहेबांना आठवेना, पण ऐकायला बरे वाटले.

मिस्त्रीची एक सवय साहेबांना पसंत होती. बोल्ट आवळला की तो त्याच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर बायकोच्या लाल नेलपॉलिशची एक रेघ ओढायचा. पुढे कुणी बोल्ट हलवला, तर रेघ तुटते. "बायको म्हणते, माझ्यापेक्षा तुझ्या गाड्याच जास्त नटतात," तो म्हणाला.

बाकीचे दोन रायडर भिंतीला टेकून उभे होते. एकाला सगळे बारक्या म्हणत. गाडी परत आणणारा तोच. त्याचे आणि जावयाचे प्रसूतिगृहाच्या फेरीवरून भांडण झाले होते. ती फेरी जवळची, म्हणून दोघांनाही हवी होती. जावई आत गेला तर आपल्याला आनंद होईल, हे त्याने न विचारताच सांगितले. दुसरा मिशा. वयाने थोरला, झुपकेदार मिशांमुळे पडलेले नाव. त्याच्या गाडीला पुढे जाड लेगगार्ड होता, त्याने स्वतःच्या खर्चाने बसवलेला. बारक्याच्या आणि जावयाच्या गाडीला नव्हता. जावयाबद्दल विचारले तेव्हा मिशा खाली बघत एवढेच बोलला की त्याच्याशी आपले काही वाकडे नाही.

व्यवस्थापक बाईंनी कुलूप काढले. साहेबांनी टाकी हलवून पेट्रोल ऐकले, चोक ओढला, किक मारली.

गाडी पहिल्याच फटक्याला चालू झाली.

बारक्याने टाळी वाजवली. साहेबांनी इंजिन बंद केले आणि कागद मागितला. मत लिहायला दोन ओळी पुरे होत्या. तेवढ्यात दारातून आवाज आला. जावई आला होता.

"अशी कुणीही चालू करील," तो म्हणाला. "फिरवून आणा. त्या दवाखान्याशी नेऊन बंद करा. आणि मग चालू करून दाखवा."

"तू मला परीक्षा घ्यायला शिकवणार?"

"तुम्ही माझी दोनदा घेतलीत. मी एकदा घेतो."

४

साहेबांनी ते आव्हान घेतले ते जावयाला खोटे पाडायचे म्हणूनच, पण परीक्षा घ्यायची तर पुरी घ्यायची. त्यांनी खिशात पाना आणि नवा प्लग टाकला आणि गाडी नेहमीच्या फेरीच्या रस्त्याने नेली. वाटेत ती एकदाही अडखळली नाही. हाडांच्या दवाखान्यापाशी त्यांनी ती बंद केली, किल्ली काढली, फाटकापर्यंत चालत जाऊन परत आले. रायडरला पिशवी द्यायला लागावा तेवढाच वेळ.

किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. पुन्हा. इंजिन नुसते गिळत होते, बोलत नव्हते.

फाटकावरचा पहारेकरी स्टूल सरकवून तमाशा बघायला बसला. त्या दिवशी त्यानेच साक्ष दिली होती की रायडर किका मारत होता हे खरे, पण मारणे वेगळे आणि मारल्यासारखे करणे वेगळे.

"तुमच्या घरातलाच रोग दिसतोय, साहेब," तो म्हणाला. "आता तुम्हीही सोंग करताय का?"

साहेबांच्या कानशिलाला घाम आला होता. त्यांनी पुन्हा किक मारली, आणि पहारेकऱ्याने आपणच बोलणे पुढे चालवले. रक्तपेढीचे सगळेच रायडर त्याच्या मते उपद्रवी होते. बारक्या रुग्णवाहिकेच्या जागेत गाडी लावतो. मिशा तर सगळ्यांत वाईट; गाडी चालूच ठेवून आत जायचा, खाली धडधड आणि वर पाय टांगलेले पेशंट शिव्या देतायत. बंद कर म्हटले की अंगावर यायचा.

"आता मात्र माणसात आलाय," पहारेकरी म्हणाला. "गाडी बंद करतो, किल्ली काढतो. माझ्याच ओरडण्याचा गुण आला म्हणायचा."

साहेबांनी ते ऐकले आणि सोडून दिले. त्यांचे लक्ष गाडीत होते. गाडी खोटे बोलत नव्हती, याचा अर्थ जावईही खोटे बोलत नव्हता; आणि हा अर्थ त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

५

त्यांनी आधी सगळ्यात सोपा संशय घेतला. टाकीच्या झाकणाचे भोक बुजले असेल तर आत हवा जात नाही, पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण उघडले. किक मारली. काही फरक नाही.

मग प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होते. कमी होती ती ठिणगीची. प्लग इंजिनाच्या लोखंडाला टेकवून त्यांनी हाताने किक दाबली. ठिणगी पडली, पण केसाएवढी, तांबूस, मरतुकडी. खिशातला नवा प्लग लावून पाहिला. तीच गत.

राहिली कॉइल. टाकीखाली बसणारा, ठिणगीला जोर पुरवणारा काळा ठोकळा. म्हातारी झालेली कॉइल थंड असताना ठणठणीत असते; तापली की किकेच्या मंद फिरण्यावर तिला पुरेशी ठिणगी देता येत नाही. इंजिन फिरत असेपर्यंत ते निभावून नेते. बंद केले की संपले.

साहेबांनी पहारेकऱ्याकडून पाणी मागितले, रुमाल भिजवून पिळला आणि कॉइलभोवती गुंडाळला. इंजिनावर हात ठेवून पाहिला, चटका बसला. म्हणजे इंजिन तापलेलेच होते, थंड होत होती ती फक्त कॉइल. रुमाल आणखी दोनदा भिजवून गुंडाळल्यावर त्यांनी प्लग पुन्हा टेकवून पाहिला. निळी, करकरीत ठिणगी पडली. प्लग बसवला, किक मारली.

गाडी चालू झाली.

पहारेकरी स्टुलावरून उठला. "मग त्या दिवशी तो खरंच..." असे काहीसे पुटपुटून त्याने मान फिरवली.

साहेबांनी इंजिन बंद केले आणि गुडघ्यावर बसून टाकीखाली डोकावले. बिचारी कॉइल म्हातारी झाली, त्यात कुणाचा दोष नाही, असे मत लिहिता आले असते. जावई सुटला असता, आणि आपल्यालाही फार काही कबूल करावे लागले नसते. पण कॉइल धरणाऱ्या दोन बोल्टांवरची लाल रेघ तुटलेली होती.

आणि कॉइललाच कायमची जोडलेली जी जाड वायर प्लगकडे जाते, तिच्यावर एका जागी खोल घासलेला चर होता, वर्षानुवर्षे कशाला तरी घासून पडावा तसा. साहेबांनी त्या चराच्या आसपास बोट फिरवले. तिथे घासण्यासारखे काहीही नव्हते.

ही कॉइल या गाडीची नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावले. बाळंतिणीचा नवराही आला. तो कुणाच्या शेजारी उभा राहिला नाही. जावई दाराशी होता, हाताची घडी घालून.

साहेबांनी गाडीत काय सापडले ते सांगितले. चांगली कॉइल काढून कुणीतरी तिथे बिघडलेली बसवली होती. मिस्त्रीचा चेहरा उतरला. हत्यारे त्याची, किल्ल्या हाताशी. सगळ्यांनी आधी त्याच्याकडेच पाहिले.

"मिस्त्री नाही," साहेब म्हणाले. "याने बोल्ट उघडला असता, तर आवळून पुन्हा रेघ ओढली असती. याचा हात रेघ ओढल्याशिवाय राहत नाही. रेघ तुटलेली राहिली, म्हणजे उघडणारा दुसराच."

बारक्याने लगेच जाहीर केले की आपले भांडण होते, पण कॉइल कुठे असते हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. साहेबांनी त्याच्या गाडीची टाकी आधीच उचलून पाहिली होती. तिथली रेघ शाबूत होती. तुझे अज्ञानच तुझ्या कामी आले, असे त्यांनी त्याला सांगितले.

मग ते मिशाच्या गाडीपाशी गेले. लेगगार्ड जिथे सांगाड्याला पट्टीने आवळला होता, तिथे पट्टीची धार प्लगच्या वायरीला टेकत होती. साहेबांनी सगळ्यांना वाकून बघायला लावले. गार्ड बसवून कैक वर्षे झाली, तर या वायरीला केवढा चर पडायला हवा. पण वायर जवळपास कोरी होती. घासायला आत्ता कुठे सुरुवात झाली होती. चर होता तो जावयाच्या गाडीतल्या वायरीवर, आणि बरोबर याच उंचीवर.

"रेघ इथलीही तुटलीय," साहेब म्हणाले. "अन् पहारेकरी सांगतो, तू दवाखान्याशी गाडी कधी बंद करत नव्हतास. आता करतोस. तुला शिस्त लागली असं त्याला वाटतं. मला वाटतं, आधी बंद केलेली गाडी तुला पुन्हा चालू करता येत नव्हती. आता येते."

मिशाने नाकारले नाही. त्याने व्यवस्थापक बाईंकडे पाहिले नाही, नवऱ्याकडेही नाही. तो मिस्त्रीकडे वळला.

"सांग ना यांना. मी किती वेळा आलो तुझ्याकडे?"

मग मिशानेच सांगितले. गरम झाल्यावर गाडी किक घेत नाही, हे तो महिनोन्महिने सांगत होता. मिस्त्री रोज सकाळी येऊन थंड गाडीला किक मारायचा, ती चालू व्हायची, आणि तो म्हणायचा की गाडीला काही झालेले नाही, तुझ्या पायाला झालेय. शेवटी मिशाने कुठूनतरी शिकून घेतले की हा कॉइलचा आजार आहे. नवी कॉइल मागितली. मिळाली नाही.

"म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात बांधलीस?" साहेबांनी विचारले.

"बांधली. आणि बघून बांधली." मिशाचा आवाज आता चढला. "बारक्याच्या गाडीत नाही घातली, याच्याच घातली. म्हटलं, हा इन्स्पेक्टरचा जावई. माझं कुणी ऐकत नाही, याचं तरी ऐकतील. एका दिवसात नवी कॉइल येईल."

साहेबांना वाटले, हे अर्धे खरे असेल, अर्धे रात्री झोप यावी म्हणून रचलेले असेल. पण खऱ्या अर्ध्यानेही पुरेसे काम केले होते.

"मग याने तक्रार केली तेव्हा तू काय केलंस?" त्यांनी मिस्त्रीला विचारले.

मिस्त्रीने पहिल्यांदाच त्यांच्या नजरेला नजर दिली. "तुमच्याकडे आलो होतो, साहेब. तुमच्या फाटकाशी उभा राहून विचारलं. म्हटलं, दोघंही एकच सांगतायत, पण सकाळी बघतो तर गाडी ठीक असते. तुम्ही म्हणालात, थंड गाडी खरं बोलते. आणि म्हणालात, गाडी राहू दे, तो जावई तपास. त्याला मी उगाच नापास केलं नव्हतं."

साहेबांना आता आठवले. झाडांना पाणी घालताना, पाइप हातातून न सोडता ते तसे म्हणाले होते. वर हसलेही होते.

बाळंतिणीचा नवरा इतका वेळ भिंतीकडे बघत होता. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं."

त्याने व्यवस्थापक बाईंना सांगितले की तो आता पोलिसांकडे जातोय, आणि कुणा एकाचे नाव घेऊन जात नाहीये. बाईंनी त्याला अडवले नाही. मिशाने आपली किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि खाली बसला.

साहेबांनी दाराकडे पाहिले. जावई निघून गेला होता.

७

मुलीच्या घराशी पोचल्यावर साहेबांनी आपली जुनी स्कूटर फाटकात उभी केली. बंद केली नाही. एक वाक्य बोलायचे आणि निघायचे, असे त्यांनी वाटेत ठरवले होते.

दार जावयाने उघडले. मागे मुलगी होती. तिने बापाच्या चेहऱ्यावरून निकाल वाचला असावा, कारण तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. जावयाने तो खांदा झटकला. आपण खोटे ठरलो असतो तर हीच बॅग भरून निघाली असती, हे तो विसरला नव्हता.

साहेबांनी गाडीचे निदान सांगायला सुरुवात केली. कॉइल, वायरीवरचा चर, तुटलेली रेघ, मिशा. सगळे क्रमवार. जावई ऐकत राहिला.

"हे मला माहीत आहे," तो मधेच म्हणाला. "मी शेडमध्ये होतो. मिस्त्री शेवटी काय म्हणाला, तेही ऐकलंय."

मागे स्कूटर धडधडत होती. साहेबांनी तिच्याकडे एकदा वळून पाहिले. आयुष्यात त्यांनी एकही निकाल फिरवला नव्हता; फेरपरीक्षा घेतली होती, पण आधीचा शेरा कधी खोडला नव्हता. त्यांनी ओठ ओले केले आणि ते शब्द म्हटले. ते इंजिनाच्या आवाजात बुडाले, आणि बुडतील हे त्यांना माहीत होते.

जावई हलला नाही.

"गाडी बंद करा," तो म्हणाला. "आणि पुन्हा सांगा."

साहेब फाटकापर्यंत चालत गेले. त्यांनी किल्ली फिरवली. रस्ता एकदम शांत झाला. शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावले. किल्ली खिशात टाकून ते परत दाराशी आले आणि ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी चुकलो."

जावयाने मान डोलावली, परीक्षक उमेदवाराला पुढे जायची खूण करतो तशी. पण तो दारातून बाजूला झाला नाही.